माठ येईपर्यंत

शनिवार, ८ मार्च २००३

वही सुलेखाने आणून दिली. जाड पुठ्ठ्याची, आत रेघा आखलेल्या. म्हणाली, आई, रोज चार ओळी लिहायच्या, रविवारी मी तपासून देईन. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली, पुढचं सगळं पन्नाशीनंतर प्रौढ वर्गात. सून पीएच.डी. झालेली, विद्यापीठात झाडांच्या मुळांवर संशोधन करते, आणि ती सासूचे ऱ्हस्वदीर्घ तपासणार. माझे मालक दादाराव असते तर हसून हसून त्यांना ठसका लागला असता.

आजची गोष्ट अशी की एकताने शाळेच्या कामासाठी लायब्ररीतून पुस्तक आणलं. एकता माझी नात, नऊ वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. पुस्तक अमेरिकेतल्या नावाहो लोकांचं. त्यांच्या बाया मेंढीची लोकर रानातल्या झाडपाल्याने रंगवतात. एका पानावर एक म्हातारी आहे. तोंडभर सुरकुत्या, पुढ्यात मोठं पातेलं, काठीवर पिवळ्या लडी. हुबेहूब माझी आत्या. एकता वाचत होती आणि सुलेखा मला मराठीत सांगत होती. अक्रोडाच्या सालींचा तपकिरी, कसल्याशा रानटी झुडपाच्या फुलांचा पिवळा, रंग धरायला पाल्याची राख. निळा तेवढा बाहेरून यायचा. निळीचे खडे घ्यायचे आणि पूर्वी ते लघवीत आंबवायचे.

"ईई, सो डर्टी लाह," एकता म्हणाली.

मी म्हटलं, आमच्या गावात चुना, गूळ आणि तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, बिया घालून आंबवायचे. तर दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या.

मग सांगितलं. गावात कापड निळं रंगवणाऱ्या निळाऱ्याचं घर होतं. अंगणात निळीचे माठ गळ्यापर्यंत पुरलेले. मी आठ-नऊ वर्षांची, चुलीची राख आणि तरोटा गोळा करून त्यांच्या अंगणाच्या कडेला नेऊन टाकायची. आत जायचं नाही. आमची सावली माठावर पडली तर अख्खा माठ ओतून देतील असा धाक. पण डोळ्यांना कोण अडवणार, मी सगळं बघायची. कापड माठातून निघताना हिरवं निघायचं आणि वाऱ्यावर धरलं की बघता बघता निळं व्हायचं. ते बघायला मी उपाशी उभी राहिलेली आहे.

सुलेखा म्हणाली, "मग आई, तुमचा माठ लावा. इथे कोण बसलंय अडवायला?"

आणि कपाटातून तिने स्वतःची लग्नातली पांढरी सुती साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आपल्या बौद्धांत नवरी पांढरी नेसते. म्हणाली, ही निळी करा. चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीला इथल्या आपल्या लोकांच्या मंडळाच्या कार्यक्रमात मी हीच नेसणार, आणि सगळ्यांना सांगणार की माझ्या सासूने रंगवली.

सहासष्टाव्या वर्षी मला माझा माठ. झोप कसली येते.

गुरुवार, १३ मार्च

माठ मिळाला. लिटल इंडियात तमिळ लोक पोंगलला खीर शिजवतात ती मडकी मिळतात, त्यातलं सगळ्यात मोठं. सुबोधने ते एमआरटीत, इथल्या लोकलमध्ये, मांडीवर घेऊन सेम्बावांगला घरापर्यंत आणलं. माझा लेक रॅफल्स प्लेसला बँकेत कॉम्प्युटर सांभाळतो, टाय लावलेला होता, मांडीवर मडकं. समोरची चिनी बाई कितीदा तरी हसू दाबत होती.

तरोटा तर आपल्याच ब्लॉकमागे सापडला. नाल्याच्या कडेला, तीच पानं, त्याच बारीक लांब शेंगा, वाळलेल्या सुद्धा. मी तिथेच बसकण मारली. एवढा समुद्र ओलांडून आले आणि हा माझ्या आधीच येऊन बसलेला. पदर भरून शेंगा आणल्या. नीळ सुलेखाच्या लॅबमधल्या जावा बेटावरच्या बाईने दिली, काळपट निळा ओला गोळा, पानात बांधलेला. तिच्या गावात अजून करतात म्हणे.

माठ स्वयंपाकघरामागे, जिथे कपडे वाळत घालायच्या बांबूच्या काठ्या आहेत तिथे ठेवला.

सोमवार, १७ मार्च

कालचं आज लिहिते आहे, एका डोळ्याने. चुना कालवताना शिंतोडा डोळ्यात उडाला. आग आग झाली. दोष माझाच. चुना किती आणि कसा घालायचा ते अंगणाच्या कडेवरून कधी नीट दिसलंच नव्हतं, अंदाजाने घालत होते. सुलेखाने नळाखाली अर्धा तास डोळा धुतला आणि टॅक्सीने सरळ मोठ्या दवाखान्यात, इमर्जन्सीत.

रविवार असून तोबा गर्दी. मला आत नेलं, तासभर आत. पाण्याने धुतला, थेंब घातले, पट्टी बांधली. नर्स इतकी गोड की मला ग्रॅनी म्हणत होती. सुलेखा बाहेर बसून. मी आले तेव्हा ती शेजारच्या म्हाताऱ्याला पाणी पाजत होती. त्याच्याबरोबर कोणी नव्हतं आणि खोकून खोकून बिचाऱ्याची शुद्ध जायची वेळ आली होती. तिच्या खांद्यावरच टेकला होता. माझी सून अशी आहे. परक्याचं सुद्धा करते.

डॉक्टर म्हणाले डोळा वाचला. सुलेखाने परत येताना टॅक्सीत माझा हात सोडला नाही. घरी येऊन म्हणते, आता चुना मी घालणार, तुम्ही फक्त सांगायचं.

आणि खरंच, रात्रीच्या जेवणाआधी दोघींनी मिळून माठ लावला. नीळ, राखेचं पाणी, चुना, गूळ, उकडलेला तरोटा. तिने ढवळलं, मी सांगितलं. सहासात दिवसांत वर निळा फेस यायला हवा, त्याला फूल म्हणतात. फूल आलं की माठ आला.

शुक्रवार, २१ मार्च

सुलेखाला कणकण आहे. अंग दुखतंय म्हणाली. मी आल्याचा काढा दिला. माठाच्या वासाने डोकं चढलं असेल, वास आहेच तसा, कुजक्या पाल्यासारखा. ती म्हणाली, नाही हो आई, वास मला आवडतो.

फूल नाही अजून.

शनिवार, २२ मार्च

सकाळी डॉक्टरकडे जाऊन येते म्हणून निघाली. तोंडाला रुमाल बांधून. एकता धावली तर लांबूनच म्हणाली, जवळ नको. दारात चपला घालताना मला म्हणाली, माठ ढवळायचा विसरू नका. संध्याकाळी सुबोधने सांगितलं की ती तिथून परस्पर क्वालालंपूरला गेली, विद्यापीठाची परिषद आहे, अचानक ठरलं. कपडे न घेता? तर म्हणे तिथे घेईल. शिकलेल्या बायकांचं असं असतं. मला आपलं वाटलं, तापाची गेली आहे, एक शाल तरी न्यायची.

मंगळवार, २५ मार्च

नवीन साथ आली आहे, सार्स नावाची. त्यामुळे सरकारने सगळ्यांना घरात बसायला सांगितलं आहे असं सुबोध म्हणतो. आज मास्क लावलेली माणसं आली, कागदावर सह्या घेतल्या, थर्मामीटर देऊन गेली. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा. फोन करून विचारतात, घरात आहात ना. प्रत्येक घरी एवढी माणसं पाठवायची म्हणजे कमाल आहे या सरकारची. समोरच्या मलाय बाईकडे मात्र कोणी गेलेलं दिसलं नाही, ती रोज पिशवी घेऊन बाजारात जाते. तिचा नंबर नंतर असेल.

क्वालालंपूरहून येणारी वाट बंद झाली म्हणे, सुलेखा तिकडेच अडकली.

गुरुवार, २७ मार्च

आता शाळांनाही सुट्टी. सुबोध घरी, एकता घरी, मला तर सणच. असं लिहू नये खरं, बाहेर माणसं आजारी आहेत, पण मी इथे आल्यापासून सात महिन्यांत मुलगा दिवसाउजेडी घरात दिसला नव्हता. एकताला सगळं शिकवते आहे. काठी एकाच दिशेने फिरवायची, झाकण हळू ठेवायचं, माठाजवळ भांडायचं नाही. ती त्या नावाहो म्हातारीचं चित्र माठासमोर भिंतीला चिकटवून बसली आहे. बॉस म्हणते तिला.

सुबोध जेवत नाही. फोन आला की खोलीत जाऊन दार लावतो, न्हाणीचा शॉवर चालू करतो आणि मग बोलतो. बँकेची गुप्त कामं असतात.

मंगळवार, १ एप्रिल

माठ येत नाही. दहा दिवस वर झाले. पाणी राखाडी आहे, फेस नाही, वास बदलला आहे. गूळ घातला, कोमट पाण्यात बसवला, काही नाही. घरातून बाहेर निघायची बंदी आज संपली, तर सुबोध सकाळीच गेला आणि दुपारी आला. कुठे गेला होता विचारलं तर म्हणाला, चालायला. अंगाला दवाखान्याचा वास.

चौदा तारखेला सुलेखा काय नेसेल?

गुरुवार, ३ एप्रिल

आज तांदूळ निवडताना एकदम आठवलं. निळाऱ्याचा माठ बिघडला की म्हातारा काय करायचा? खोटं बोलायचा. हसू नये, सगळे निळारी करतात. मोठी थाप मारायची, समोरच्याने खरी मानली पाहिजे, चार जणांना सांगितली पाहिजे. थाप गावात फिरली की माठ फिरतो. आणि फूल येईपर्यंत थाप मागे घ्यायची नाही, ती फार मोठी अट.

कधी म्हणायचा अमक्याच्या म्हशीला दोन तोंडांचं रेडकू झालं. कधी म्हणायचा साहेब येतोय. एकदा त्याने मलाच गाठलं. मी राखेची पाटी टेकवत होते, तर म्हणाला, पोरी, तुझा बाप येतोय, संध्याकाळच्या बैलगाडीने, मला टपालवाल्याने सांगितलं. बाप मुंबईला गिरणीत गेला होता, दोन वर्षं पत्ता नव्हता. मी पाटी तिथेच टाकली. अख्ख्या वस्तीला सांगत सुटले. आईने हातातलं काम टाकून केस विंचरले. आम्ही दोघी रस्त्याला जाऊन उभ्या राहिलो, गाड्या आल्या, गेल्या, दिवे लागले. दुसऱ्या दिवशी निळाऱ्याच्या अंगणात माठ फुलून आला होता. सगळे हसत होते. म्हातारा म्हणाला, पोरीच्या तोंडची बातमी कोणीही खरी मानतं, म्हणून तिला धरली.

बाप काही आला नाही. पुढेही आला नाही. पण रंग मात्र तेव्हा जो चढला तो तसा मी परत पाहिला नाही.

शनिवार, ५ एप्रिल

माठ आला. तेच आधी लिहिते, कारण बाकीचं लिहायला हात धजत नाही.

दोन दिवस विचार केला, काय थाप मारावी. वाईट नको, कोणाच्या जिवावरची नको. मग वाटलं, सुलेखा येणारच आहे चार-आठ दिवसांत. तेच सांगावं. तशी अर्धी खरीच. अर्ध्या खोट्याने माठ येईल का, अशीच मला काळजी.

सकाळी एकताला म्हटलं, तुझ्या मम्मीचा फोन आला होता, उद्या येते आहे.

पोरीने हातातला दुधाचा पेला तसाच ठेवला आणि आत धावली. पपा, मम्मी कॉल्ड, मम्मी कमिंग होम. सुबोध दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला साबण तसाच घेऊन बाहेर आला.

"आई, कोण बोललं? ती स्वतः बोलली? तिचा आवाज होता?"

अट आठवली. फूल येईपर्यंत मागे घ्यायचं नाही. मी म्हटलं, हो, तीच बोलली.

सुबोध हसला. पंधरा दिवसांनी हसला. एकताला उचलून गरकन फिरवलं, तिच्या गालाला साबण लागला. मग फोन घेऊन आत गेला, दार सुद्धा लावलं नाही. मी माठाचं झाकण उचललं. वर तांब्यासारखी तकाकी आणि मधोमध निळा फेस, मुठीएवढा. मला ओरडावंसं वाटलं.

सुबोध स्वयंपाकघरात आला तेव्हा चेहरा साबणासारखाच पांढरा. म्हणाला, आई, खरं सांग. मी माठाकडे बोट दाखवलं. सांगितलं की थाप मारावी लागते. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं होतं. फरशीवर बसला, माठाला टेकून.

"तिच्या घशात नळी आहे आई. दोन आठवडे झाले. तिला बोलता येत नाही. मला वाटलं, नळी काढली."

परिषद नव्हती. क्वालालंपूर नव्हतं. सुलेखा इथेच आहे, दवाखान्यात, काचेच्या पलीकडे, आणि सुबोधला काचेपर्यंत सुद्धा जाऊ देत नाहीत. फोनवर त्याला आज सांगितलं की कालपेक्षा खाली आहे.

एकता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

रविवार, ६ एप्रिल

मी सुबोधला विचारलं, तिला हे लागलं कुठून. त्याने माझ्या दुखऱ्या डोळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, कोणी मैत्रीण ॲडमिट होती, तिला बघायला गेली होती. कोण मैत्रीण, विचारलं, तर म्हणाला, तू ओळखत नाहीस. एकता म्हणाली, बट पपा, मम्मी ओन्ली वेंट विथ आजी. सुबोध तिच्यावर इंग्रजीत इतका ओरडला की ती रडत आत गेली. तिच्यावर ओरडायचं काय कारण? मुलांना काय कळतं. मला मात्र त्या मैत्रिणीचा राग आला. आपलं दुखणं घेऊन घरात बसावं माणसाने.

आलेला माठ थांबत नाही. साडी बुडवली. कोणासाठी थांबायचं, तिनेच सांगितलं होतं. तीनदा बुडवली, तीनदा काठीवर वाळवली. काठी खिडकीबाहेर, सातव्या मजल्यावर, साडी हिरवी निघाली आणि वाऱ्यावर निळी झाली. समोरच्या मलाय बाईने खिडकीतून अंगठा दाखवला. मी पण दाखवला.

बुधवार, ९ एप्रिल

पहाटे गेली.

गुरुवार, १० एप्रिल

सुबोध एकटा गेला. कोणाला येऊ देत नाहीत. जाताना कपाट उघडून म्हणाला, आई, तिची लग्नातली पांढरी कुठे आहे, निदान बरोबर ठेवायला देतील का विचारतो. मी खिडकीकडे बघितलं. त्यानेही बघितलं. काठीवर पाच वार निळं. कपाट लावून तो गेला.

आपल्यात पांढऱ्यात जायचं असतं. माझ्या हाताने मी ते पांढरं घालवलं.

परत आला तर म्हणाला, काहीच ठेवू दिलं नसतं. बंद पेटी, लांबून दाखवली. पेटीत तीच होती हे सुद्धा मानून घ्यायचं.

मंडळाच्या प्रमोदने फोनवरून त्रिसरण पंचशील म्हटलं. फोन मध्ये ठेवून आम्ही तिघं हात जोडून बसलो. लोक घरी येत नाहीत. भिऊन येत नाहीत, दोष कोणाला द्यायचा. मलाय बाईने दाराबाहेर डबा ठेवला आणि बेल वाजवून पळून गेली.

सोमवार, १४ एप्रिल

मंडळाचा कार्यक्रम रद्द. बाबासाहेबांच्या फोटोला घरीच हार घातला. साडीची घडी फोटोखाली ठेवली. रंग उत्तम चढला आहे, एक डाग नाही. निळाऱ्याने पाहिली असती तर त्याला बोट लावायची परवानगी मी दिली नसती.

सुलेखाच्या नावाचं पुण्यानुमोदन रविवारी, तेही घरातल्या घरात.

वही रविवारी तपासायची असायची. तिने पहिली चारच पानं तपासली आहेत, लाल पेनाने. त्यापुढची पानं लिहिलेली असून लाल खुणांवाचून कोरी दिसतात.

डोळा आता पूर्ण बरा झाला. सुबोध त्या डोळ्याकडे बघत नाही. बोलतो, जेवायला वाढलं की जेवतो, पण तिकडे बघत नाही. आज मला एकदम तो दवाखान्यातला म्हातारा आठवला, सुलेखाच्या खांद्यावर टेकलेला. त्याचं काय झालं असेल? सुबोधला विचारणार होते. नाही विचारलं.

रविवार, २० एप्रिल

पुण्यानुमोदन झालं. प्रमोद एकटा आला, मास्क लावून, दाराजवळ बसला आणि गाथा म्हणून गेला.

दुपारी स्वयंपाकघरामागे गेले तर एकता माठाशी बसलेली. बारा दिवस कोणी झाकण उघडलं नव्हतं, कोणी ढवळलं नव्हतं. तिने उघडून ठेवलं होतं. पाणी राखाडी, वर मेलेली साय, वास उतरलेला. गेलाच होता माठ. मी म्हटलं, चल, ओतून टाकू. ती हलली नाही. भिंतीवरच्या नावाहो म्हातारीकडे बघत होती. मग तिने काठी माझ्या हातात दिली आणि मला म्हणाली, मराठीत. ही पोर पाण्याचा पेला सुद्धा मराठीत मागत नाही. सावकाश, एकेक शब्द जुळवून म्हणाली,

"आजी, मम्मीचा फोन आला होता. ती उद्या येते आहे."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळे कोरडे होते. अट तिला मीच शिकवली होती. ऐकणाऱ्याने खरं मानायचं, आणि कोणी मागे घ्यायचं नाही.

मी विचारलं, "किती वाजता?"

तिने थोडा विचार केला. "डिनर टाइम."

मी काठी एका दिशेने सात वेळा फिरवली, झाकण हळू ठेवलं, आणि तांदूळ निवडायला बसले. चौघांचे.